हनुवटीखालची कोर

सुपडूआप्पा ज्या खोलीत बसलेले असत, त्या खोलीच्या उंबऱ्यावर आम्ही सगळे आधी थबकायचो. आत आप्पांचा श्वास चालू आहे की बंद, ते बघायचं. बंद असला तर आपणही बाहेरच उभं राहायचं. खोकायचं नाही, छत्री मिटायची नाही, पायातल्या ओल्या चपला फटफटवायच्या नाहीत. मग आतून एक लांबलचक सुस्कारा ऐकू यायचा, आणि पाठोपाठ आप्पांचा आवाज: "ये भो, ये आते." प्रत्यक्ष शेठजीसुद्धा असे दाराबाहेर ताटकळलेले मी पाहिले आहेत. मालक असून बिचारे धोतर सावरून चोरासारखे उभे.

आप्पा श्वास रोखून कोर काढत असत.

पन्नास-साठच्या दशकात शहाद्याला एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून होतो. कापसाचा हंगाम असला की जिनात बोलायलाही सवड नसायची. पावसाळ्यात मात्र यंत्रं तेल पिऊन झोपलेली, गोदामं रिकामी, आणि आम्ही दोनचार जण पगाराला जागण्यासाठी ऑफिसात बसून गळक्या पत्र्याखाली बादल्या सरकवत असू. सुपडूआप्पा हंगामात काट्यावर असत, म्हणजे कापसाच्या गाड्या तोलून घेत. पावसाळ्यात ते राक्षस रंगवत.

शेठजी राजस्थानकडचे. जिनाच्याच आवारात त्यांनी बाळकृष्णाचं छोटं देऊळ बांधलं होतं आणि गोकुळाष्टमीला तिथं झांकी मांडायची त्यांच्या घरची रीत होती. करंगळीएवढे गोप, बोटभर गाई, आणि कृष्णाला मारायला आलेले सगळे राक्षस: चोच वासलेला बकासुर, अजगर झालेला अघासुर, फणांचा कालिया. आणि सगळ्यांत मोठी, वीतभर उंचीची पूतना. देखण्या बाईचं रूप घेऊन, स्तनाला विष लावून तान्ह्या कृष्णाला पाजायला आलेली ती राक्षसीण. ही सगळी पलटण प्रकाशा गावाहून आणलेल्या तापीकाठच्या मातीची असे, आणि ती सगळी आप्पांच्या हातची.

पण आधी आप्पांची भीती सांगितली पाहिजे, कारण आप्पा म्हणजे मूर्तिमंत भीती. उंच, किडकिडे, कायम मान थोडी पुढे काढलेली, कुठून काय अंगावर येतंय याचा अंदाज घेत असल्यासारखे. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत फिरायचे, कुलूप ओढून बघायचे. कुणी हसत हसत आला तरी "काय व्हयनं?" असं घाबरून विचारायचे. आणि जिनात त्यांना सतत काहीतरी जळाल्याचा वास यायचा. "काही जयी ऱ्हायनं का रे?" हा प्रश्न आप्पांनी दिवसातून किती वेळा विचारावा याला धरबंध नव्हता. कापसाचं काम, ठिणगीची भीती सगळ्यांनाच. पण आप्पांचं नाक हा वेगळाच प्रकार होता.

एकदा भर हंगामात आप्पांनी धावत जाऊन जिन बंद करायला लावलं. पट्टे थांबले, माणसं बाहेर पळाली, पाण्याच्या बादल्या निघाल्या. शोधाशोध केली तर आवाराच्या मागच्या भिंतीबाहेर हमालांनी कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला घातलेली. शेठजी संतापानं लालेलाल. "आप्पाजी, वांग्यासाठी माझं जिन बंद केलंत?" आप्पा शांतपणे म्हणाले, "आज वांगं शे शेठ, सकाय जिन ऱ्हाई." म्हणजे आज वांगं जळतंय, उद्या जिन जळेल. दुपारी शेठजींच्याही ताटात ते भरीत होतं, आणि त्यांनी ते मागून घेतलं.

ही भीती त्यांना जन्मापासून चिकटली होती. त्यांच्या आधीची भावंडं एकही जगली नव्हती. म्हणून आप्पा जन्मले तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं, आणि मग पसाभर ज्वारी देऊन परत घेतलं. मूल आपलं नाही, विकतचं आहे, असं दाखवलं की टपून बसलेली जी कोण असते ती फसते आणि निघून जाते. असं वाचवलेल्या पोराचं नाव आमच्याकडे सुपडूच ठेवतात. "मन्ही मायनी माले पसाभर ज्वारीमा इकत लिधा," असं आप्पा सांगायचे, आणि सांगताना हसायचे नाहीत. आपल्याला कुणीतरी चुकून सोडलंय आणि ती चूक केव्हाही तिच्या लक्षात येईल, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं असावं.

असा हा माणूस. चहाची बशी उचलली तर चहा हिंदकळायचा, सही करताना टाक थरथरायचा. पण हातात कुंचला आला की तो हात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा स्थिर.

कोर म्हणजे काय, ते मी तिथं शिकलो. शिकलो म्हणजे पाहिलं. करायला जमलं कधीच नाही. बाहुलीला आधी गडद रंग द्यायचा. मग तिच्या अंगावर जिथं जिथं कड आलेली असते, पदराची दुमड, नाकाचा कणा, नखाचं टोक, अजगराच्या खवल्याची धार, तिथं त्याच रंगात थोडा सफेदा घालून केसाएवढी उजळ रेघ ओढायची. ती कोर. रंग ताकाहून पातळ हवा आणि पाण्याहून दाट. कुंचला बुडवला की आधी अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा. नखावर ओघळ आला तर पुसायचा, पुन्हा बुडवायचा. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची. टोकानं लिहायचं नाही, कुंचल्याची कूस कडेवरून नुसती फिरवायची. कड आपला रंग आपणच उचलते. हात हलवायचा नाही, बाहुली फिरवायची. आणि निव्वळ पांढरा फक्त एकाच जागी, दोन कडा जिथं भेटतात त्या कोपऱ्यावर, मोहरीहून बारीक. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, आप्पांनी स्वतः बांधलेला. केस सातपुड्यातल्या मोलगी गावाहून यायचे. आप्पांची एकुलती एक मुलगी शेवंता तिकडे डोंगरात दिली होती. जावई तिथल्या शाळेत मास्तर होता आणि बाजाराच्या दिवशी कुणाकडून तरी केस मिळवून सासऱ्याला पाठवायचा.

मी एकदा फार गळ घातली तेव्हा त्यांनी अघासुराच्या शेपटाकडचे चार खवले मला दिले. मी जीव तोडून कोरी ओढल्या. आप्पांनी बाहुली उजेडात धरली आणि म्हणाले, "हाई कोर नई दामू, हाई धोतरनं काठ शे." ते खवले त्यांनी काजळी लावून बुजवले आणि पुन्हा केले.

पण ते रागावले ते माझ्या जाड रेघेवर नाही. मी वरच्या कडेला कोर दिली होती आणि खालच्या कडेलाही दिली होती. "उजेड कथाइन येस, ते सांग पहिले." उजेड कुठून येतो, ते आधी सांग. झांकीत समया कुठं ठेवायच्या हे आप्पा माती मळायच्या आधी देवळात जाऊन बघून यायचे, आणि ज्या अंगाला समई त्याच अंगाच्या कडा उजळायच्या. दोन्ही बाजूंनी उजळलेली बाहुली म्हणजे त्यांच्या लेखी खोटं बोलणारी बाहुली. हा प्रश्न ते इतरही बाबतींत विचारायचे. कुणी गावातली काही भानगड रंगवून सांगू लागला की आप्पांचं आपलं, "उजेड कथाइन येस?" बोलणारा ओशाळून गप्प व्हायचा.

आणखी एक गोष्ट ते म्हणत. कोर दिली नाही तोवर ती माती असते. कोर दिली की ती जागी होते. "जागी व्हस," एवढंच म्हणायचे आणि कुंचला धुवायला घ्यायचे. आम्ही ते कारागिराचं बोलणं म्हणून सोडून द्यायचो. आप्पांना ते अक्षरशः तसंच वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती ऐन श्रावणात. आप्पांचं घर जिनाच्या फाटकाशीच, दोन खोल्यांचं. त्या वर्षी त्यांनी केलेली पूतना त्यांच्या हातून झालेली सर्वांत देखणी बाहुली होती. घरात कोनाड्यात ठेवून ते रोज थोडी थोडी रंगवत. समईचा उजेड समोरून येणार म्हणून तिच्या कपाळाला, खांद्याला, नखांना कोर. कोर अशी की पूतना मान वर करून थेट तुमच्याकडे बघतेय असं वाटावं. इकडे शेवंतेला कळा सुरू झालेल्या आणि तिकडे अष्टमी उद्यावर आलेली. आतल्या खोलीत सुईण, बाहेरच्या खोलीत आप्पा पूतनेच्या दातांवर शेवटची कोर देत होते. मुलगा झाला. झांकीही झाली, लोक पूतनेपुढं गर्दी करून उभे राहिले, शेठजींच्या वृद्ध आईनं, माजींनी, तिच्यावरून मोहऱ्या उतरून टाकल्या. रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या गोमाई नदीत सोडल्या. आणि त्याच आठवड्यात आप्पांचा नातू तापानं गेला.

आप्पा रडले नाहीत. पुढच्या हंगामात ते काट्यावर चुकायचे, वजन दुसऱ्यांदा बघायचे, तिसऱ्यांदा बघायचे. हंगाम सरल्यावर एकदा रिकाम्या गोदामात मी आणि ते दोघंच होतो, तेव्हा ते एकदम म्हणाले, "मीच जागी कयी तिले." मला आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "पान्यामा सोडी दिधी. डोयाआड गयी. आनि मन्हा घरमा शिरनी." नदीत सोडलेली पूतना डोळ्याआड झाली आणि त्यांच्या घरात शिरली, असं ते म्हणत होते. ताप काय कुणाच्याही पोराला येतो, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

त्यानंतर झांकीत पूतना दिसली नाही. एका वर्षी माती तडकली, एका वर्षी रंग वाळला नाही. कालिया आणि बकासुराला मात्र तडा जात नसे. कुणी फार खोदून विचारलं नाही.

मग शेवंतेला पुन्हा दिवस राहिले. या वेळी ती मोलगीलाच होती; सासू नाही, जवळ कुणी जाणतं माणूस नाही, पावसात रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही. आप्पांची बायको, काशीकाकू, रोज फाटकाशी येऊन डोंगराकडे बघत उभ्या राहायच्या. शेवंतेला खाली आणायची तर एकच वाहन भरवशाचं, शेठजींची जीप. आप्पा धीर करून शेठजींकडे गेले. मीही बरोबर होतो.

शेठजी माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या मनात त्या वेळी दुसरंच होतं. माजी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांनी लेकाजवळ हट्ट धरला होता: या अष्टमीला पूतना पाहिजे, पुढची अष्टमी मला दिसायची नाही. शेठजी म्हणाले, "आप्पाजी, जीप तुमचीच आहे. कादर ड्रायव्हरला आत्ता सांगून ठेवतो. तुम्ही फक्त पूतना पुरी करा. पूतना झाली की त्या घटकेला जीप मोलगीला."

हे ते इतक्या प्रेमानं म्हणाले की नाही म्हणायला जागाच राहिली नाही. आप्पांनी मान हलवली. बाहेर येताना मी म्हणालो, "आप्पा, खरं काय ते सांगून टाका ना त्यांना." आप्पा म्हणाले, "काय सांगू? तुन्ही माय मरी ऱ्हायनी ते मरू दे, मन्ही अंडेर वाचाडाले पाहिजे?" तुझी आई मरतेय तर मरू दे, मला माझी लेक वाचवायचीय, असं मालकाला कुठल्या तोंडानं सांगणार?

पूतना केली नाही तर लेक डोंगरात अडकणार. केली तर ती जागी होणार. या चिमट्यात आप्पा असे सापडले की त्यांचं जेवण तुटलं.

पहिला प्रश्न, पूतना ठेवायची कुठं? आप्पांच्या घरात नाही, हे ठरलेलं. ते संकोचत माझ्याकडे आले. मी उदारपणे हो म्हणून टाकलं आणि घरी गेलो. माझी बायको नाशिककडची, शिकलेली, भुताखेतांना हसणारी. तिनं पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. "घरात दोन पोरं आहेत आपल्या," ती म्हणाली. "ती बाई या उंबऱ्याच्या आत आली तर मी पोरांना घेऊन माहेरी जाईन. मग तुम्ही आणि पूतना सुखानं राहा." शेवटी पूतना जिनाच्या ऑफिसात माझ्या टेबलावर आली. मी कागद सरकवून तिला जागा करून दिली, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे पाठ करून बसायला मलाही नको वाटू लागलं.

बाकी पलटण झटपट झाली. पूतनेचाही गडद रंग झाला, साडी झाली, केस झाले. राहिली कोर. आप्पा सकाळी येऊन बसायचे, रंग कालवायचे, कुंचला नखावर टेकवायचे आणि रंग वाळून जाईपर्यंत तसेच बसून राहायचे. त्यांचा हात थरथरत होता. कुंचला हातात असताना आप्पांचा हात थरथरताना मी कधी पाहिला नव्हता. दारात काशीकाकू येऊन उभ्या राहिल्या. "पोर डोंगरमा पडेल शे," त्या म्हणाल्या, "आनि हाऊ मानूस मातीनी बाई लिसनी बठेल शे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती कळ होती.

त्या गेल्यावर आप्पा पुटपुटले, "उजेड कथाइन येस?" मला वाटलं मला विचारतायत. मी म्हणालो, "समया समोरच असतात ना नेहमी." त्यांनी ऐकलं नाही. बोटभर लांबीचा तान्हा कृष्ण वेगळा केलेला होता. तो उचलून त्यांनी पूतनेच्या मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाहेरना उजेड तिले देवानाच नई. बाहेर उजेड नई, ते बाहेर देखी कशाले?" बाहेरचा उजेड तिला दिलाच नाही, तर ती बाहेर बघेल कशाला?

आणि त्यांनी कोर काढायला घेतली. हात स्थिर झाला. कपाळ, खांदे, बोटांची नखं, सगळं काळोखात ठेवलं. उजेड मुलाच्या अंगातून येतोय असं धरून फक्त मुलाकडच्या कडा उजळल्या: दंडाची आतली बाजू, पदराची आतली दुमड, खालच्या ओठाची कड, आणि हनुवटीच्या खाली एक अशी बारीक कोर की ती रेघ आहे की भास आहे कळू नये. मी श्वास रोखून उभा होतो. ती बाई हळूहळू मान खाली घालत गेली, माझ्या डोळ्यांदेखत. आधीची पूतना तुमच्याकडे बघायची. ही फक्त मांडीवरच्या मुलाकडे बघत होती. आप्पांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "जाय, शेठले सांग. जीप काढ म्हना."

जीप सकाळी गेली. संध्याकाळपर्यंत यायला हवी होती, आली नाही. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. आप्पा फाटकाशी उभे, पाऊस अंगावर घेत, नाक वर करून. आता त्यांना जळाल्याचाही वास येत नव्हता, ते नुसते सवयीनं हुंगत होते. कुणाच्या तरी ट्रकचा आवाज आला की दोन पावलं पुढं, मग परत मागं. कादर ड्रायव्हरची जीप अष्टमीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला फाटकात शिरली, चिखलानं माखलेली. वाटेत ओढा उतरेपर्यंत थांबावं लागलं होतं. शेवंता काकूंच्या खांद्यावर हात टाकून उतरली. आप्पांनी तिला जवळ घेतलं नाही. लांबूनच बघितलं आणि भराभर ऑफिसात गेले, पूतना जागेवर आहे का ते पाहायला.

माजींना खुर्चीतून झांकीला आणलं. त्या पूतनेकडे फार वेळ बघत राहिल्या. मोहऱ्या उतरायला कुणीतरी पुढं केल्या, त्या त्यांनी नको म्हटल्या. "ही तर आई दिसते," म्हणाल्या, आणि त्यांना परत नेलं.

दुसऱ्या दिवशी बाहुल्या गोमाईवर निघाल्या तेव्हा आप्पांनी पूतना, मांडीवरच्या कृष्णासकट, टोपलीतून काढून घेतली. रिवाज मोडला म्हणून पुजारी कुरकुरला. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "मन्हा डोया तिनावर शे, तवलोंग ती आठेच शे." माझा डोळा तिच्यावर आहे तोवर ती इथंच आहे.

आणि ते बसले. माझ्या टेबलासमोर स्टुलावर, पूतनेपासून हातभर अंतरावर. शेवंतेला दुपारी कळा सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हाही ते तिथंच होते. घर शंभर पावलांवर, पण ते उठले नाहीत. फाटकातून मधूनच शेवंतेचं विव्हळणं ऐकू यायचं, तेव्हा त्यांच्या गुडघ्यावरची बोटं आवळायची. नजर मात्र हनुवटीखालच्या कोरीवर. ती कोर दिसतेय म्हणजे मान खाली आहे. मान वर झाली तर मुलाचा उजेड सुटेल आणि कोर विझेल. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मला तिथं बसून समजलं. स्वतःचीच पापणी लवली की दचकायचे. मी पाणी पुढं केलं, त्यांनी न बघताच हातानं दूर सारलं. या वेळी काही भलतं झालं तर हा माणूस उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळच्या आत माझी बायको चिखलातून धावत आली. मुलगी झाली होती. मी आप्पांच्या कानाशी वाकून सांगितलं. ते वळले नाहीत. "रडी ऱ्हायनी का?" त्यांनी विचारलं. "मोठ्यानं," माझी बायको म्हणाली. "जिन दणाणून सोडेल अशी." आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी डोळे पूतनेवरच. ते म्हणाले, "सूप काढा म्हना घरमा."

मुलीला सुपात घालून माझ्याच बायकोच्या हाती दिलं. भुताखेतांना हसणाऱ्या त्या बाईनं ते पोर पोटाशी धरलं, आणि पसाभर ज्वारी घेऊन परत दिलं तेव्हा तिचाही चेहरा गंभीर होता. ती ज्वारी तिनं दळली नाही. पुढं कितीतरी वर्षं डब्यात तशीच होती.

मुलीचं नाव इंदू ठेवलं. आप्पा बारशालाही आले ते पाळण्याला हळद-कुंकू लावून लगेच परत गेले, ऑफिसात.

पुढं मी नाशिकला नोकरी धरली आणि शहादा सुटलं. साठचं दशक सरत आलं असताना कामानिमित्त एकदा तिकडे गेलो, तेव्हा वाट वाकडी करून जिनावर गेलो. शेठजींनी आप्पांना फाटकाशेजारची जुनी पहारेकऱ्याची खोली बसायला दिली होती. शेवंतेच्या नवऱ्याची बदली खाली झाली होती, सगळे आप्पांच्याच घरी राहत होते. मी उंबऱ्यावर थबकलो. आप्पांचा श्वास चालू होता.

ते स्टुलावर बसले होते. समोर खिडकीच्या फळीवर पूतना. तिचा रंग उडाला होता, एका कानाला तडा गेला होता. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पांढरा.

"कोन?"

"दामू, आप्पा."

त्यांनी हात चाचपडत माझा हात धरला, पण तोंड तिकडेच ठेवलं. मला हसू आलं. "आप्पा, आता इंदू शाळेत जाते. आता कशाला बसता?"

"मन्हं काय जास बठाले?" ते म्हणाले. बसायला माझं काय जातं?

"पण तुम्हाला दिसतं तरी का काही?"

"बाकी काही दिसत नई." ते जरा थांबले. "कोर तेवढी दिसस."

मी वाकून बघितलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मला, चांगले डोळे असून, ती रेघ पटकन सापडेना. मग दिसली, हनुवटीखाली, केसाएवढी.

तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी दारात आली. गुडघ्याला खरचटलेलं, हातात अर्धा खाल्लेला पेरू. "आप्पा, जेवाले चाला. आजी बलाई ऱ्हायनी." आप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, सबंध, कानापासून हनुवटीपर्यंत, मोजून घेतल्यासारखा. ती हात झटकून बाहेर पळाली.

आप्पा काठी टेकून उठले. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती आली, आणि त्यांनी माझा दंड पकडून मला त्या स्टुलावर बसवलं.

"मी जेवीसन येस," ते म्हणाले. "तवलोंग तू देख."

त्यांच्या काठीचा आवाज दूर गेला. बाहेर इंदू कुणाशी तरी भांडत होती, मग रडू लागली, मग हसली. मी वळून बघितलं नाही. आप्पा जेवून परत येईपर्यंत मी त्या रेघेवरून नजर काढली नाही.